३३ फुटी बिऱ्हाड : १०२ दिवस राहून पाहिल्यावर

घर विकून आरव्हीत, म्हणजे चाकांवरच्या घरात, कायमचं राहायला जायचं, हे आमच्याकडे कोविडपासून चाललं होतं. म्हणजे नवऱ्याचं चाललं होतं. मी "बघू" म्हणत होते. मुलगी कॉलेजला गेली, दोघांचीही कामं लॅपटॉपवर कुठूनही होणारी, आणि कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटच्या घराचा प्रॉपर्टी टॅक्स भरताना वर्षातून दोनदा ठरलेली चिडचिड. शेवटी मी अट घातली की आधी भाड्याने घ्यायची, आणि सहलीला जातो तशी नाही, तर राहायला. मोठीच घ्यायची ही अट त्याची. ४ जानेवारी ते १४ एप्रिल २०२४, असे एकूण १०२ दिवस आम्ही तिच्यात राहिलो.

गाडी क्लास ए. बाहेरून बससारखी दिसते तीच. फोर्डच्या एफ-५३ चासीवर बांधलेली, ७.३ लिटरचं पेट्रोल इंजिन, लांबी ३३ फूट, उंची साडेबारा फूट, रुंदी साडेआठ फुटांना जरा कमी. दोन स्लाइड, म्हणजे गाडी उभी करून बटण दाबलं की सोफ्यासकट भिंत बाहेर सरकते आणि आत एकदम हॉल झाल्यासारखं वाटतं. कॅलिफोर्नियात ४० फुटांपर्यंतच्या मोटरहोमला वेगळं लायसन्स लागत नाही. ज्या लायसन्सवर मी कॅमरी घेऊन भाजीला जाते, त्याच लायसन्सवर ही एसटीएवढी गाडी हायवेला घातली तरी चालते. कंपनीतल्या मुलाने पाऊण तासात सगळी बटणं दाखवली, सही घेतली आणि किल्ली हातात दिली.

भाडं दिवसाला १८५ डॉलर, विमा धरून. हिवाळा आणि लांबचा मुक्काम म्हणून एवढ्यात मिळाली. १,५०० डॉलर डिपॉझिट, रोजचे १०० मैल आणि तीन तास जनरेटर त्यातच धरलेले. आमचे सगळे मिळून ३,४०० मैल झाले, त्यामुळे मैलांची मर्यादा कधी आडवी आली नाही. गॅलनला साडेसात मैल जाते. टाकी ८० गॅलनची, आणि कॅलिफोर्नियातल्या पंपावर ती भरताना आकड्याकडे न बघायची सवय मी लावून घेतली.

चालवण्याबद्दल थोडक्यात सांगते, कारण त्याचीच भीती सगळ्यांना असते आणि तीच सर्वांत आधी जाते. मागच्या चाकांच्या पाठीमागे दहाएक फूट गाडी शिल्लक असते. तुम्ही डावीकडे वळलात की ती शेपूट उजवीकडे फिरते. हे पहिल्या दिवशी पासो रोबल्सच्या पंपावर कळलं. पिवळा खांब चार बोटांवर राहिला. वाऱ्याचं मात्र जपायला हवं. पाम स्प्रिंग्जच्या अलीकडे खिंडीत त्या शेकडो पवनचक्क्या काही शोभेला लावलेल्या नाहीत. तिथे नवरा दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून ताशी पन्नासने चालला होता आणि मी उगाचच ब्रेक दाबत बसले होते, माझ्या बाजूला ब्रेक नसताना. लहानपणी घाटात डुलक्या काढत प्रवास केलेल्या सगळ्या एसटी ड्रायव्हरांना मी त्या दिवशी मनातल्या मनात नमस्कार केला.

खरी ओळख टाक्यांपासून होते. गाडीच्या पोटात तीन टाक्या. आमच्या गाडीत चांगल्या पाण्याची ७० गॅलनची, सिंक आणि आंघोळीच्या पाण्याची ५०, आणि संडासाची ४०. पहिल्या दोघींना फ्रेश आणि ग्रे म्हणतात, तिसरीला ब्लॅक. पिस्मो बीचजवळ पहिल्यांदा टाकी रिकामी करायची वेळ आली. हातमोजे घातले, तीन इंची पाइप जोडला, चार व्हिडिओ आदल्या रात्री पाहिले होते. आधी ब्लॅकचा दांडा ओढायचा, ती पूर्ण वाहून गेली की मग ग्रेचा, म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइप धुऊन निघतो. नवऱ्याने दांडा ओढला आणि पाइप जमिनीवर एखाद्या जनावरासारखा हलला. जोडाला फिरवून घट्ट करायची खाच असते, ती अर्धीच बसली होती. पुढचं सांगत नाही. मागे तीन गाड्या रांगेत होत्या आणि त्यातल्या एका आजोबांनी काही न बोलता आपली पाण्याची नळी आणून दिली.

त्याच आजोबांनी पुढे एक गोष्ट सांगितली, जी कंपनीने सांगायला हवी होती. फुल हुकअपच्या जागेवर, म्हणजे वीज-पाणी-ड्रेनेज तिन्ही जोडता येतं तिथे, ब्लॅकचा दांडा उघडा ठेवायचा नाही. पाणी वाहून जातं आणि बाकीचं मागे साठून वाळतं. तो डोंगर फोडणं हा एक स्वतंत्र धंदा आहे म्हणे. टाकी दोनतृतीयांश भरेपर्यंत बंद ठेवायची आणि मग एकदम सोडायची. भरली किती ते दाखवणारे दिवे आमच्या गाडीत होते, पण टाकी रिकामी असो वा भरलेली, ते दोनतृतीयांशच दाखवायचे. शेवटी दिवस मोजायला लागलो. दोघांना सहा दिवस.

आपल्या स्वयंपाकाची मेख वेगळीच आहे. आम्हाला ब्लॅकपेक्षा ग्रे टाकीच्या वासाने जास्त छळलं. वरणाचा, ताकाचा, फोडणीच्या तेलाचा राप आत बसतो आणि दुपारच्या उन्हात सिंकमधून वर येतो. तेव्हापासून ताटं आधी कागदाने पुसायची आणि मगच धुवायची. फोडणी तर आत करायचीच नाही. धुराचा अलार्म शेगडीपासून हातभर अंतरावर. मोहरी तडतडली की तो कोकलायचा. जमिनीलगत असतो तो दुसरा, प्रोपेनचा. प्रोपेन हवेपेक्षा जड म्हणून तो खाली बसवतात, त्याला फोडणीचं काही वाटत नाही. मग बाहेर घडीचं टेबल, त्यावर एका बर्नरची शेगडी, आणि वाळवंटात हिंगाचा वास. ॲरिझोनातल्या टुसानला कुकरची शिट्टी ऐकून शेजारीण धावत आली, तुमचं काहीतरी लीक होतंय म्हणून. तिला आमटी-भात खायला घातला. दुसऱ्या दिवशी शिट्टी झाली तर ती वाटी घेऊनच आली.

विजेचं गणित समजून घ्या, नाहीतर रोज ब्रेकर उडेल. कॅम्पग्राउंडवर ३० अँपिअरचा किंवा ५० अँपिअरचा खांब असतो. ऐकायला फार फरक वाटत नाही. पण ३० म्हणजे ३,६०० वॅट, आणि ५० अँपिअरच्या खांबाला १२० व्होल्टच्या दोन तारा येतात, म्हणजे १२,००० वॅट. ३० वर हीटर चालू असताना मी इंडक्शन लावलं आणि त्याने मायक्रोवेव्ह लावला की अंधार. त्यात त्याची मीटिंग चालू असली की संसारात आणखी अंधार. तो मागे बेडरूममध्ये, मी पुढे ड्रायव्हरशेजारची खुर्ची उलटी फिरवून, असं आमचं ऑफिस होतं. मध्ये प्लायवूडचं सरकतं दार. त्याच्या टीममधल्या सगळ्यांची नावं आणि रजा मला पाठ आहेत.

क्वार्टझसाइट, ॲरिझोना. हिवाळ्यात आरव्हीवाल्यांची पंढरी. सरकारी जमिनीवर ला पोसा म्हणून भाग आहे, तिथे १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल असा पूर्ण मोसम राहायचे तेव्हा १८० डॉलर पडत, आणि १४ दिवसांचे ४०. वीज नाही, नळ नाही, जिथे वाटेल तिथे गाडी लावा. आम्ही तीन आठवडे राहिलो, ८० डॉलर भरले. इथेच आमच्या मोठ्या गाडीचं बिंग फुटलं. फ्रिज घरातल्यासारखा मोठा, दोन दारांचा, बर्फ करणारा. मी तो बघूनच भाळले होते. हुकअप नसलं की तो इन्व्हर्टरवर चालतो आणि रात्रभर बॅटरी खातो. गरम हवेची भट्टी प्रोपेनवर चालते खरी, पण तिचा पंखा त्याच बॅटरीवर. पहिल्या आठवड्यात पहाटे साडेतीनला पंख्याचा आवाज जड झाला, मग घरघर, मग शांत. बाहेर ३ अंश सेल्सिअस. अशा वेळी जनरेटर लावला तर अर्धा माळ जागा होणार. डोक्यावर गोधड्या घेऊन सहा वाजायची वाट पाहिली. शेजारी वीस फुटी जुनाट गाडी, तिच्यावर सोलरची पॅनेलं, फ्रिज छोटासा. त्यातल्या बाई सकाळी टी-शर्टवर कॉफी पीत बसल्या होत्या. आरामासाठी म्हणून घेतलेली आमची प्रत्येक वस्तू खांबाला बांधून घ्यायला लावत होती.

आता मुख्य तक्रार. भाड्याने घेऊन "कायमचं राहणं" तपासायचं तर एक मोठी खोट आहे आणि ती कुणी आधी सांगत नाही. जे खरोखर बारा महिने राहतात ते मोटरहोमच्या मागे छोटी कार ओढत नेतात. भाड्याच्या गाडीला आमच्या करारात ती परवानगी नव्हती. म्हणजे दूध संपलं की काय करायचं? वीज काढा, पाणी काढा, पाइप धुऊन ठेवा, लोणच्याची बरणी सिंकमध्ये उतरवा, कपाटांच्या कड्या लावा, स्लाइड आत घ्या, जॅक वर घ्या, आणि ३३ फुटी घर घेऊन दुकानाच्या पार्किंगमध्ये आठ जागा अडवा. पाठीवर बिऱ्हाड म्हणून विंचवाचं नाव घेतात, पण त्याला निदान दुधाला जाताना बिऱ्हाड आवरावं लागत नाही. दीड महिना आमचं असंच चाललं. माझं मत तोपर्यंत पक्कं झालं होतं की हा माणूस एकटाच जाईल आरव्हीत, मी फ्रीमाँटला राहीन.

मग टुसान. जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत तिथे रत्नांचं मोठं प्रदर्शन असतं, त्या दिवसांत जागा मिळत नाही. आम्ही ते संपल्यावर गेलो. महिन्याच्या बोलीवर जागा घेतली, ९०० डॉलर आणि वीज मीटरप्रमाणे. आणि एक साधी कार महिनाभर भाड्याने घेतली. तिच्यावर १,१०० डॉलर गेले, आणि त्या महिन्यात मला हे जगणं पहिल्यांदा आवडलं. सकाळी सग्वारो निवडुंगांच्या झाडीत चालायला, दुपारी काम, संध्याकाळी ग्रोसरी, लाँड्रोमॅटमध्ये ओळखी. घर जागेवर उभं. म्हणून कुणी विचारलं तर मी एवढंच सांगते की भाड्याने घ्याल तर महिनाभर एकाच ठिकाणी राहा आणि त्या महिन्याला कार घ्या; नाहीतर तुम्ही चाचणी प्रवासाची घेताय, राहण्याची नाही.

लांबीचा त्रास परतीच्या वाटेवर झाला. ग्रँड कॅनियनच्या दक्षिण काठावरच्या मेदर कॅम्पग्राउंडला ३० फुटांपुढची गाडी घेत नाहीत. तीन फुटांसाठी शेजारच्या ट्रेलर व्हिलेजमध्ये जास्त पैसे मोजून राहिलो. काठ ७,००० फुटांवर. मार्चअखेरही रात्री पाण्याची नळी गोठून काठी झाली. संध्याकाळी टाकी भरून नळी काढून ठेवायची, हे दुसऱ्या दिवशी सुचलं. तिथून पेज, कनॅब ही गावं करत झायन नॅशनल पार्कला पूर्वेकडून शिरलो. वाटेत १९३० साली उघडलेला १.१ मैलांचा बोगदा आहे. ११ फूट ४ इंचांपेक्षा उंच किंवा ७ फूट १० इंचांपेक्षा रुंद गाडीला तेव्हा १५ डॉलर भरावे लागत. मग रेंजर समोरची वाहतूक थांबवत आणि तुम्ही बोगद्याच्या बरोबर मधून जात होता. नियम बदलताहेत, जायच्या आधी विचारून घ्या. त्या दिवशी गाडी मी चालवत होते. आत दिवे नाहीत, दगडाची कमान दोन्ही आरशांच्या जवळून सरकतेय, आणि मध्येच खिडकीसारखं भोक, त्यातून क्षणभर लाल कडा. नवरा पूर्ण वेळ गप्प होता. १०२ दिवसांत तेवढाच.

मोडतोड एकदाच, पण नेमकी निघायच्या सकाळी. एक स्लाइड निम्मी आत आली आणि तिरकी अडकली. हेल्पलाइनवर पावणेदोन तास. शेवटी सांगितलं की बटण सहा वेळा टिचकीसारखं दाबा आणि सातव्या वेळी दाबून धरा. मला वाटलं थट्टा करताहेत. पण दोन मोटरींचा ताळमेळ चुकला की तो परत बसवायची हीच रीत असते. आमची बसली नाही. फिरता मेकॅनिक आला, ३४० डॉलर घेतले, कंपनीने त्यातले २२० परत केले आणि उरलेल्याबद्दल अजून ईमेल चालू आहेत.

एकूण खर्च २५ हजार डॉलरच्या आसपास. त्यातले जवळजवळ १९ हजार निव्वळ भाडं, पेट्रोल १,८००, बाकी जागा, कार, लाँड्री, किरकोळ. आमचे मित्र म्हणाले, वेड लागलंय का. पण अशी नवी गाडी दीड-दोन लाख डॉलरना पडते आणि शोरूमबाहेर काढली की किंमत उतरते. आम्ही जानेवारीत तीच घेणार होतो. पत्ता, टपाल, आरोग्य विमा हे प्रश्न भाड्याच्या गाडीत कळतच नाहीत, कारण घर मागे असतं. कायमचा पत्ता मिळावा म्हणून साउथ डकोटात एक रात्र राहिल्याची पावती दाखवून तिथलं लायसन्स काढणारे दोघे-तिघे भेटले. त्यांच्याकडून ऐकलं तेवढंच.

घर विकलेलं नाही. मोठी गाडी यादीतून गेली, यावर दोघांचं एकमत. आता चर्चा २५ फुटी क्लास सीची, म्हणजे व्हॅनच्या तोंडाच्या छोट्या आरव्हीची आहे. गेल्या रविवारी नवऱ्याने ड्राइव्हवेवर टेप धरून, गॅरेजच्या दारापासून खडूने २५ फुटांची रेघ ओढली. ती पाच फूट फुटपाथवर जाते. पाऊस नाही, त्यामुळे रेघ अजून तिथेच आहे, आणि कचऱ्याचे डबे ठेवताना तो ते तिच्या अलीकडे ठेवतो.