अ‍ॅरोहेडची प्लेऑफ मॅच: तिकीट आपलं, वर कामही आपणच करायचं

अमेरिकन फुटबॉलच्या लीगमधली, म्हणजे NFL मधली, जानेवारी २०२४ ची कॅन्सस सिटी चीफ्स-मायामी डॉल्फिन्स वाइल्ड कार्ड मॅच (प्लेऑफची पहिली फेरी) मी कॅन्सस सिटीच्या अ‍ॅरोहेड स्टेडियममध्ये बसून, म्हणजे खरं तर पूर्ण वेळ उभं राहून बघितली. प्लेऑफला जाऊ का असं अजून कोणी ना कोणी विचारतं म्हणून एकदाचं लिहून टाकतो. ५ पैकी ४.

किकऑफलाच उणे २० सेल्सिअस होतं, वारा धरला तर अजून खाली. पण गंमत बघा, दोन्ही टीम ११-६ (११ जिंकल्या, ६ हरल्या) होत्या, मग डॉल्फिन्सनीच का यायचं आमच्या फ्रीजरमध्ये? तर आपली डिव्हिजन (छोटा गट) जिंकणाऱ्या चौघांना पहिले ४ सीड (प्लेऑफमधले क्रमांक), वाइल्ड कार्डवाल्यांना, म्हणजे डिव्हिजन न जिंकता आत आलेल्यांना, ५ ते ७ आणि मॅच वरच्या सीडच्या घरी. डॉल्फिन्स आदल्या रविवारी बफेलोकडून २१-१४ हरले, जिंकले असते तर २ नंबर सीड घेऊन मायामीत उन्हात खेळले असते, हरले आणि डायरेक्ट ६ नंबरवर. एका मॅचने एवढं होतं. (नियम फार न्यायाचा आहे असं नाही हां, २०१० च्या सीझनला ७-९ वाल्या सिअ‍ॅटलने ११-५ वाल्या सेंट्सना घरी बोलावून हरवलंय.)

थंडी ठीक, पण इथला खरा माल म्हणजे आवाज. २०१४ मध्ये १४२.२ डेसिबलचं गिनीज रेकॉर्ड याच स्टेडियममध्ये झालंय. मी नवखा, आमच्या क्वार्टरबॅकच्या (ऑफेन्स चालवणारा खेळाडू), माहोम्सच्या हातात बॉल आला की जीव तोडून ओरडायचो, तर पुढच्या रांगेतले एक आजोबा वळून असे बघायला लागले ना... मग त्यांनीच शिकवलं, आपला ऑफेन्स असला, म्हणजे बॉल आपल्याकडे असला, की गप्प बसायचं, समोरच्याचा आला की छप्पर उडवायचं (छप्पर नाहीये, पण कळलं ना), म्हणजे त्यांच्या क्वार्टरबॅकचं बोलणं पुढे उभ्या लाइनमनला ऐकूच जात नाही, हातापायाच्या खुणांवर स्नॅप (बॉल मागे देऊन खेळ सुरू करणं) घ्यावा लागतो, कोणी आधी हलला की फॉल्स स्टार्टचा फाउल, ५ यार्ड मागे. त्या दिवशी डॉल्फिन्सना ७ च पॉइंट मिळाले, २६-७. थोडं श्रेय माझ्या घशाला.

एक स्टार कापला तो तिकिटाच्या अ‍ॅपचा, तेव्हा फी शेवटच्या पानावर दाखवायचे, ती बघून थंडी आधीच भरली. ऑनलाइन मागवलेले हँड वॉर्मर हाफटाइमपर्यंतच टिकले. शेजारच्या बाईंनी पायाखाली घालायला पुठ्ठा दिला, अख्ख्या दिवसातली सगळ्यात कामाची वस्तू तीच.

आणि एवढं करून पुढे चीफ्स बफेलोत जिंकले, बाल्टिमोरमध्ये जिंकले, दोन्ही परक्या घरी, मग लास व्हेगासला सुपर बोल (फायनल), जिथं घर कोणाचंच नव्हतं, तोही जिंकले. म्हणजे आमच्या ओरडण्याची गरज होती की नाही देव जाणे, माझा आवाज मात्र चार दिवस बसला होता.