कर्मचारी नियमपुस्तिका करून देणारी सेवा : सोलापुरातील एका कारखान्याचा अनुभव

अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीतल्या आमच्या टॉवेल कारखान्याची कर्मचारी नियमपुस्तिका आम्ही शहरातील एका कामगार कायदा सल्लागाराकडून करून घेतली, आणि त्या कामाची मी मनापासून शिफारस करतो. छापील नमुना हाती न देता त्यांनी विणकर, जॉबर (मागांवर देखरेख करणारा मुकादम), हिशेबनीस अशा सर्वांशी बोलून पाळ्यांच्या वेळा, जादा कामाचा दुप्पट दर आणि गड्ड्याच्या यात्रेतील सुट्ट्या आमच्या प्रत्यक्ष रीतीला धरून लिहिल्या. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी २०१३ च्या कायद्यानुसार लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती बंधनकारक असते. तिच्या सदस्यांची नावे आणि तक्रारीची पद्धत त्यांनी पहिल्याच प्रकरणात घेतली, हे मला फार योग्य वाटते. पहिल्या दोन अपत्यांसाठीची २६ आठवड्यांची प्रसूती रजाही स्पष्ट दिली आहे. आमच्या अनेक कामगारांची मातृभाषा तेलुगू असल्याने तेलुगू प्रतही मिळाली, मात्र ती उशिरा आली आणि तिची छपाई फिकट आहे. दरवर्षीची फेरतपासणी, बदललेल्या पानावर दिनांक आणि पोच म्हणून कामगाराची सही, हे सारे त्यांच्या शुल्कातच धरलेले आहे. लहान कारखानदारांनी करार करताना ही अट आधी लेखी घ्यावी.