फुटलेलं पॅनल: चिकटवायचं, वेल्डिंग करायचं की नवं घ्यायचं?

उभी दुचाकी कुणीतरी पाडली आणि साइड पॅनलला तडा गेला, तर आधी पॅनल काढून आतली बाजू बघा. तिथे एबीएस किंवा पीपी (प्लास्टिकच्या दोन जाती) अशी अक्षरं उठवलेली असतात. रंगवलेली चकचकीत पॅनलं बहुधा एबीएसची, खरखरीत काळे भाग बरेचदा पीपीचे. अक्षरं दिसत नसतील तर आतून बारीकशी कपची काढून पाण्यात टाका. एबीएस बुडतं, साधं पीपी तरंगतं. हे कळल्याशिवाय पैसे घालू नका, कारण पीपीला नेहमीचं कुठलंच चिकटद्रव्य नीट धरत नाही.

फेविक्विक आणि वर खायचा सोडा हा सगळ्यात स्वस्त उपाय. जोड क्षणात टणक होतो, पण ठिसूळही होतो आणि गाडीच्या थरथरीने पुन्हा सुटतो. त्यात आपलं ऊन! नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, पारा ४५ च्या वर असताना नागपूरच्या बर्डीत (सीताबर्डी बाजारात) दुपारभर उभ्या गाडीचं काळं प्लास्टिक हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतं. केसाएवढी चीर असेल तर चालेल. एबीएसवर त्यापेक्षा मागून फायबरची जाळी लावून दोन ट्यूब मिसळून लावायचं एपॉक्सी चिकटद्रव्य भरलेलं बरं, फक्त रात्रभर हलवायचं नाही.

लांब तडा असेल तर माझा कौल वेल्डिंगला, आणि पीपीला तर दुसरा इलाजच नाही. मात्र काम कसं करतात ते उभं राहून बघा. चांगला कारागीर तड्याच्या टोकाला २-३ मिमीचं भोक पाडतो, म्हणजे तडा पुढे सरकत नाही. मग मागून खाच करून त्याच जातीचं प्लास्टिक वितळवून भरतो. एबीएसमध्ये पीपी भरलं तर दोन्ही एकजीव होत नाहीत, जोड उकलतो. वर स्टीलची बारीक जाळी किंवा पिना तापवून आत दाबतात. त्या स्टेनलेसच्या आहेत का, हे विचाराच, नाहीतर पावसाळ्यात गंज धरतात. प्लास्टिक वितळवायचं तापतं सोल्डरिंग आयर्न जास्त खोल गेलं तर पुढच्या बाजूला डाग उमटतो. घरी करणार असाल तर गच्चीवर करा, एबीएसचा धूर वाईट असतो. काम नीट मागूनच झालं तर ग्राफिक्स बरंचसं वाचतं, हा मोठा फायदा.

तुकडेच हरवले असतील किंवा बोल्टच्या भोकाभोवतीचा भाग उडाला असेल, तर नवं घ्या. पुढचं मडगार्ड मोठं फुटलं असेल तरीही नवंच. सुटून चाकात अडकलं तर माणूस पडतो. कंपनीचं महाग, पण बसतं बरोबर. बाजारातलं डुप्लिकेट घेताना दुकानातच लावून बघा, भोकं जुळायला कुरकुरतात. शिवाय दुसऱ्या बाजूचा रंग उन्हाने फिका झालेला असतो, त्यामुळे कोरं पॅनल काही काळ ठिगळासारखं दिसणार.

भाव काढताना वेल्डिंग वेगळं आणि पुट्टी-प्रायमर-रंग वेगळा विचारा. बऱ्याचदा रंगकामच वेल्डिंगपेक्षा जास्त पडतं, आणि दोन्हींची बेरीज नव्या पॅनलच्या जवळ जात असेल तर नवंच घ्या.