फुप्फुसाच्या ऑपरेशनआधी साधा परफ्यूजन स्कॅन की स्पेक्ट-सीटी?

फुप्फुसाचा भाग काढायचा ठरला की सर्जन परफ्यूजन स्कॅन (फुप्फुसाच्या कुठल्या भागात किती रक्त जातं ते दाखवणारा) लिहून देतात आणि मग रामबागेतले ओळखीचे काका-काकू चिठ्ठी घेऊन विचारतात, साधा करू की स्पेक्ट-सीटी (कॅमेरा भोवती फिरवून काढलेला स्कॅन आणि सोबत सीटी), दुसऱ्याला पैसे जास्त पडतायत. मी इंदूरला हे स्कॅन काढायच्या गॅमा कॅमेऱ्यावरच काम करते म्हणून सरळ सांगते, एका बाजूचं अख्खं फुप्फुस निघणार असेल तर बहुतेक वेळा साधा पुरतो, पण एकच लोब (फुप्फुसाचा एक कप्पा) निघणार आणि मुळात दम कमी असेल तर स्पेक्ट-सीटीच करा.

इंजेक्शन दोन्हीत तेच, टेक्नेशियम (किरण सोडणारा पदार्थ) लावलेले बारीक कण, ते फुप्फुसाच्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, रक्त जास्त तिथे काउंट (कॅमेऱ्याने मोजलेले किरण) जास्त. साध्यात पुढून-मागून सपाट फोटो, त्यावर वर-मधे-खाली असे आडवे चौकोन पाडतात. उजवं-डावं नीट कळतं, नॉर्मलला साधारण ५५-४५. पण लोबची हद्द आडवी नसतेच, तिरकी असते, खालचा लोब पाठीमागून पार वर चढलेला असतो, म्हणजे वरच्या चौकोनात त्याचेही काउंट घुसतात. स्पेक्ट-सीटीत ती तिरकी रेघ सीटीवर दिसते आणि लोब वेगळा मोजता येतो.

लोबला जेवढा रक्ताचा वाटा, तेवढी ताकद ऑपरेशननंतर कमी होणार असं धरतात. समजा एफईव्ही-वन (जोरात फुंकल्यावर पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा) २ लिटर आहे. लोबचा वाटा २० टक्के धरला तर उरणार १.६, ३० निघाला तर १.४. उरणारा आकडा तुमच्या वय-उंचीच्या नॉर्मलच्या ६० टक्क्यांवर असेल (डीएलसीओचाही, म्हणजे फुप्फुसातून रक्तात वायू किती शिरतो त्या चाचणीचाही) तर सहसा पुढे जातात, ३० ते ६० मधे आला की जिना चढवून किंवा चालवून बघतात. काठावरच्या पेशंटचा निर्णय इथेच फिरतो हो!

पण महागडी मशीनपण चुकते. स्पेक्टला दहा-पंधरा मिनिटं लागतात, तेव्हा साधा श्वास चालू असतो, आणि सीटी मोठा श्वास रोखून काढली तर डायफ्राम (छाती-पोटामधला पडदा) खाली सरकतो, दोन्ही चित्रं जुळत नाहीत, खालच्या लोबचा आकडा बिघडतो. म्हणून सेंटरला आधीच विचारा, सीटी शांत श्वासात काढता ना? आणि इंजेक्शन आडवं झोपवूनच द्यायला सांगा, बसवून दिलं तर रक्त खाली उतरलेलं असतं. सीटीमुळे रेडिएशन थोडं वाढतं, लो-डोस असेल तर मला ते चालण्यासारखं वाटतं.

झेनॉन एमआरआयबद्दलपण (झेनॉन वायू श्वासात घेऊन काढलेला एमआरआय) विचारतात. अमेरिकेत डिसेंबर २०२२ मधे मंजुरी मिळाली, रेडिएशन नाही, पण तो हवा कुठे पोचते ते दाखवतो, आणि आपल्याकडे सहज मिळत नाही, त्यासाठी कॅन्सरचं ऑपरेशन लांबवू नका.

येताना ताजा पीएफटी (फुंकून करायची फुप्फुसाची चाचणी) रिपोर्ट आणि जुनी सीटी आणा, सीटीच्या रिपोर्टचा कागद नाही, सीडी.