बायसिकलचा रायडर बॅक कॅट: बोटांना सोयीचा, प्रेक्षकांना परका

पत्त्यांची जादू समोरच्याच्या नाकाखाली, निव्वळ हातचलाखीच्या बळावर करायची असेल, तर कॅट निवडताना चित्रांची नवलाई पाहू नये. पान बोटांवर कसे सरकते आणि वाकवून सोडल्यावर कसे सरळ होते, ते पाहावे. या कसोटीवर ‘बायसिकल’चा साधा लाल किंवा निळा रायडर बॅक कॅट माझ्या मते आजही सर्वांत सरस आहे. हा अमेरिकन ब्रँड १८८५ सालचा असून पाठीवरची सायकलस्वार देवदूताची नक्षी १८८७ पासून चालत आली आहे.

त्याची खरी करामत कागदात आहे. पानांच्या पृष्ठभागावर बारीक खळगे उठवलेले असतात, त्यांत हवा राहते आणि पाने एकमेकांना न चिकटता सरकतात. डबल लिफ्टमध्ये, म्हणजे वरची दोन पाने एकच पान असल्याच्या थाटात उलटताना, कॅटच्या मागच्या कोपऱ्याशी करंगळीच्या टोकाने जेमतेम दिसेल न दिसेल अशी फट धरावी लागते. या कागदावर ती फट बोटाला नेमकी जाणवते आणि उलटलेली जोडी तसूभरही न फाकता पुन्हा कॅटवर बसते. पूर्ण प्लास्टिकचे कॅट धुता येतात, रमीला उत्तम असतात, पण त्यांची जोडी ऐन वेळी घसरते. पाठीभोवतीची पांढरी किनारही शोभेपुरती नाही. कॅटमध्ये एखादे पान गुपचूप उलटे ठेवलेले असताना हातातल्या पानांचा पंखा थोडा जास्त उघडला गेला, तरी त्या पानाची पांढरी कड इतर कडांत मिसळून जाते. बिनकिनारीच्या भपकेबाज कॅटमध्ये हा आडोसा मिळत नाही, आणि तरीही नवशिके त्यांवरच पैसे घालवतात.

अडचण आहे ती वेगळीच. अमेरिकेत हा कॅट घरोघरी दिसतो, त्यामुळे तेथे त्याच्याकडे कोणी संशयाने पाहत नाही. आपल्याकडे बदामसात खेळला जातो तो कॅट बहुधा अरुंद आणि गुळगुळीत असतो. बायसिकलचे पान अडीच इंच रुंद, म्हणजे त्याहून सुमारे पाव इंचाने मोठे असते. घोडबंदर रस्त्यावरच्या एखाद्या सोसायटीत वाढदिवसाला तो खिशातून काढला, की पुढच्या रांगेतल्या काकू विचारतातच, “हे जादूचे पत्ते आहेत का हो?” उत्तर देत बसू नये, कॅट त्यांच्याच हाती पिसायला द्यावा. सही केलेले पान मध्ये खुपसूनही पुन्हा पुन्हा वर येते तो प्रयोग तर मी यजमानांच्याच कॅटवर करणे पसंत करतो, कारण तेथे शंकेला जागाच उरत नाही. १९२२ साली पत्त्यांचे जादूगार डाय व्हर्नन यांनी शिकागोत विख्यात जादूगार हुडिनींना चकवले ते याच जातकुळीच्या खेळाने. लहान हाताच्या कलावंताने एवढे रुंद पान तळहातात लपवण्याचा सराव मात्र जरा जास्तच करावा.

पावसाळ्यात खाडीकाठच्या दमट हवेत कागद फुगतो आणि पंखा सलग उघडत नाही. हा कंपनीचा नव्हे, कागदाचा गुणधर्म आहे. त्यामुळे हा कॅट फार दिवस टिकवण्याची वस्तू मानू नये. सही केलेले पान प्रेक्षकाला देऊन टाकायची पद्धत आहे, तेव्हा एकेक घेण्यापेक्षा डझनाने घेणे परवडते.

खरेदीत मात्र डोळे उघडे ठेवावेत. एका ऑनलाइन विक्रेत्याने मला स्वस्तात पाठवलेला कॅट नकली निघाला: पाने काचेसारखी निसरडी होती आणि पांढरी किनार एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला बारीक होती. किनार अशी विषम असली की कॅटमध्ये फिरवून ठेवलेले पान चाणाक्ष प्रेक्षक पाठीवरून ओळखतो. म्हणून पाकीट फोडताच आधी दोन्ही बाजूंची किनार तपासावी, मग पंखा उघडून पाहावा, आणि पाने गठ्ठ्यागठ्ठ्याने उघडली तर माल त्याच दिवशी परत करावा.