अल्ट्रासाउंड क्रिस्टलायझरच्या नावाखाली ८,०८,३०० रुपये गेले

यंत्राचे ६,८५,०००, वर १८ टक्के जीएसटीचे १,२३,३००. साठ टक्के अॅडव्हान्स, उरलेले माल गाडीत चढायच्या आधी. विकणाऱ्याने रिटर्नच भरलं नाही, त्यामुळे जीएसटीचं क्रेडिटही बुडालं. नुसता नंबर चालू आहे म्हणून भुलू नका, रिटर्न भरलेत का ते पोर्टलवर बघा.

आमचं छोटं बल्क ड्रग युनिट, म्हणजे औषधांचा मूळ घटक बनवणारं. माल दळायला जॉबवर्कवर पाठवायचा म्हणजे धूळ, घट, आणि साइज तरी कुठे सारखी येते! क्रिस्टल बनतानाच अल्ट्रासाउंडने साइज आवरता येते, हे काही थोतांड नाही. २० किलोहर्ट्झच्या आसपास द्रावणात बारीक बुडबुडे तयार होऊन फुटतात, क्रिस्टलचं बीज लवकर आणि एकदम पडतं, दाणा बारीक आणि एकसारखा निघतो. शास्त्र खरं आहे म्हणूनच असल्या भामट्यांचं फावतं.

डेमोला आमचा माल विकणाऱ्याने घेतलाच नाही. “गोपनीयतेचा करार झाल्याशिवाय तुमच्या प्रॉडक्टला हात लावत नाही, सर.” केवढा सभ्यपणा! पिशवीतून स्वतःची बाटली काढली, सोडियम अॅसिटेटची. प्रोब (अल्ट्रासाउंड सोडणारी दांडी) बुडवला, बटण दाबलं, डोळ्यांदेखत बीकर पांढराफटक. “हात लावून बघा, काय पॉवर आहे!” बीकर गरम लागला. अहो, सोडियम अॅसिटेटचं अतिसंपृक्त द्रावण एका कणाने गोठतं आणि गोठताना स्वतःच तापतं! बटण न दाबता टोकाला दाणा चिकटवून प्रोब बुडवला असता तरी हेच झालं असतं. मला हे माहीत नव्हतं असं नाही. पण ग्राहकाचा डी-नव्वदसाठी (नव्वद टक्के माल ज्या साइजच्या आत बसतो तो आकडा) रोज फोन, शेजारी क्यूसीची, म्हणजे माल तपासणारी पोरं मोबाइलवर व्हिडिओ काढतायत. अशा वेळी कुणाचं डोकं चाललं असतं?

आलेलं यंत्र उघडलं तर आत भांडी धुवायच्या अल्ट्रासोनिक टबचा ४० किलोहर्ट्झचा जनरेटर, स्टिकर खरवडलेलं. प्रोब टायटॅनियमचा सांगितलेला, निघाला स्टीलचा. डी-नव्वद २० मायक्रॉनच्या आत येणार होता, तो पूर्वीसारखाच शंभराच्या घरात. १००० वॅट म्हणतात ना? एक लिटर पाण्यात चालवा. सगळी शक्ती पाण्यात उतरली तर मिनिटाला चौदा अंश चढायला हवेत. थोडी गळती धरा, पण आमच्याकडे जेमतेम एक अंश चढला. ही तपासणी अॅडव्हान्सच्या आधी करा, आणि डेमो स्वतःच्या मालावरच. एकदा प्रोब चालू ठेवून, एकदा बंद ठेवून.

पोलीस म्हणाले, “यंत्र मिळालं ना? सुरू होतं ना? मग दिवाणी मॅटर आहे.” न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ मीच वाचून दाखवलं. अर्ज ठेवून घेतला, पोच दिली नाही. ग्राहक आयोगाचं विचारलं तर वकील म्हणे, धंद्यासाठी घेतलंत, कायद्याने तुम्ही ग्राहकच नाही. लघुउद्योगांचं समाधान पोर्टल विकणाऱ्याची येणी थकली तर उपयोगाचं. आम्ही पडलो वेळेआधी पैसे मोजणारे! व्यापारी न्यायालयात जायचं तर आधी मध्यस्थी, मध्यस्थीची नोटीस पोचायला पत्ता हवा, आणि बिलावरच्या पत्त्यावर झेरॉक्सचं दुकान आहे.