रुईची गादी, सुती चादरी आणि टॉवेल: दहा महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या वर्षी दसऱ्याच्या आधी आम्ही घरातील अंथरूण-पांघरूण जवळजवळ पूर्ण बदलले. आमचे घर यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजी तालुक्यात आहे. दाराशी कपाशीचे वावर असताना घरातील गाद्या फोमच्या, चादरी पॉलिस्टर मिसळलेल्या आणि उशा कृत्रिम धाग्याने भरलेल्या होत्या, ही गोष्ट मला कित्येक वर्षे खटकत होती. उन्हाळ्यात पारा ४४ अंशांवर गेलेला असतो, त्यात रात्री वीज गेली की फोमच्या गादीवर पाठ भिजून जाते आणि घाम कुठेच मुरत नाही. म्हणून दोन सिंगल गाद्या रुई भरून करून घेतल्या, एक दुलई भरली, चार उशा सावरीच्या झाडाच्या कापसाच्या केल्या आणि सहा चादरी व आठ टॉवेल नवे घेतले. आता जुलै संपत आला आहे आणि हिवाळा, उन्हाळा, पावसाळा असे तिन्ही ऋतू या सामानाने पाहिले आहेत.

गादीवर सर्वांत अधिक विचार करावा लागला. तालुक्याच्या गादीघरात तयार गाद्यांचा ढीग असतो, त्या दाबून पाहिल्या की सगळ्याच मऊ लागतात. मी तेच करीत होते. तेथील वयस्कर चाचा म्हणाले, "बाई, दाबून काय पाहता, आतली रुई ओढून पाहा." त्यांनी एका स्वस्त गादीच्या कोपऱ्यातून चिमूटभर कापूस काढून दोन्ही हातांनी ओढला, तर त्याचा भुगा झाला आणि त्यात रंगीत धाग्यांचे तुकडे दिसले. तो गिरणीचा कचरा आणि जुन्या कापडांचा पिंजलेला चुरा होता. चांगल्या रुईचा पुंजका ओढला की तंतू एकमेकांतून सरकत लांब होतात, तटकन तुटत नाहीत. शंका राहिल्यास पुंजक्याचे टोक जाळून पाहावे. कापूस कागदासारखा जळतो व मऊ राखाडी राख सोडतो, पॉलिस्टर मात्र वितळून त्याचा कडक मणी होतो.

गादीसाठी तंतू फार लांब असलाच पाहिजे असे नाही, हेही त्याच दिवशी कळले. जुन्या गावरान कपाशीचा कापूस आखूड, जाड आणि खरखरीत असे, आणि तो भरणासाठी अधिक योग्य असतो, कारण जाड तंतू दाबानंतर पुन्हा फुगतो. आजच्या संकरित वाणांचा लांब, बारीक तंतू चादरीच्या सुताला उत्तम, पण गादीत तो लवकर बसतो. गावरान रुई आम्हांला मिळाली नाही. संकरित वाणाचीच स्वच्छ रुई घेतली आणि आमच्यासमोर पिंजून घेतली. सहा बाय तीन फुटांच्या गादीत ११ किलो रुई भरली. सरकीसह एका क्विंटल कापसातून साधारण ३४ किलो रुई निघते, म्हणजे एका गादीला ३२ किलोंच्या आसपास कापूस लागला. गादीपाट जाड, घट्ट विणीचा घेतला आणि टाके जवळजवळ मारायला सांगितले. टाके विरळ असले की रुई एका बाजूला सरकते. अपेक्षेप्रमाणे पहिल्या दोन महिन्यांत गादी सुमारे एक इंच दबली आणि त्यानंतर स्थिर झाली. ज्यांना फोमच्या उसळीची सवय आहे त्यांना ती सुरुवातीला कडक वाटेल. माझ्या सासूबाईंची कंबरदुखी या गादीने बरी झाली असे मी म्हणणार नाही, परंतु त्या आता रात्री कूस बदलताना पूर्वीसारख्या उठून बसत नाहीत, एवढे मी रोज पाहते.

खरी परीक्षा कूलरने घेतली. कापूस नेहमीच्या हवेत आपल्या वजनाच्या सुमारे ८ टक्के ओलावा धरून ठेवतो, पॉलिस्टर अर्धा टक्काही धरीत नाही. घाम टिपण्याचा गुण यातूनच येतो आणि गादी ओलसर होण्याचा दोषही यातूनच येतो. नवतप्याच्या, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या दिवसांत कूलर रात्रभर चालला तेव्हा पलंगाच्या फळीवर ठेवलेल्या गादीची खालची बाजू सकाळी हाताला दमट लागत होती, तर बाजेवरची गादी कोरडी होती, कारण तिला खालून हवा मिळत होती. आम्ही पलंगाच्या फळीला बोटभर फटी ठेवून घेतल्यानंतर हा त्रास पुष्कळ कमी झाला. पावसाळ्यात मात्र कष्ट आहेत. उघाड मिळाली की गादी उन्हात टाकावी लागते, आणि ११ किलोंची गादी एकट्याने अंगणात नेणे वयस्कर माणसाला झेपत नाही. ज्या घरात हे करायला दुसरा हात नाही, तेथे मी रुईची जाड गादी सुचवणार नाही. पाच-सहा किलोंची पातळ गादी बाजेवर वापरणे अधिक सोयीचे होईल.

चादरी घेताना मी प्रथम थ्रेड काउंट पाहिला आणि तेथेच चुकले. एका चौरस इंचातील उभ्या आणि आडव्या धाग्यांची बेरीज म्हणजे थ्रेड काउंट. परंतु दोन-तीन पदर पिळून एक धागा केलेला असेल तर काही विक्रेते प्रत्येक पदर वेगळा मोजतात आणि आकडा दुप्पट-तिप्पट होतो. हजाराचा आकडा छापलेली, हातात लोण्यासारखी लागणारी एक चादर मी घेतली होती. तिचा मऊपणा कापडावर दिलेल्या लेपाचा होता. चार धुण्यांत तो गेला आणि उशाच्या बाजूला कापडावर धाग्यांचे बारीक गोळे आले. त्याउलट २०० च्या आसपासच्या, साध्या एकाआड एक विणीच्या चादरी नव्या असताना जरा करकरीत होत्या, पण दर धुण्याला मऊ होत गेल्या आणि उन्हाळ्यात अंगाला चिकटल्या नाहीत. सॅटीन विणीत धागा तीन-चार धाग्यांवरून जातो, म्हणून ती चादर चमकते आणि अंगावर जड पडते. ती आम्ही थंडीसाठी ठेवली. आकसण्याचा हिशेब दुकानातच करावा. चार टक्के आकसणे सुती कापडाला साधारण आहे, म्हणजे ७८ इंचांवर तीन इंच जातात. शिवाय रुईची गादी काटकोनात राहत नाही, त्यामुळे रबर लावलेली चादर तिच्यावर नीट बसत नाही. चारही बाजूंनी भरपूर खोचता येईल अशी साधी मोठी चादरच घ्यावी.

टॉवेलांपैकी चार सोलापुरी टेरी आहेत, चार ऑनलाइन मागवलेले. ऑनलाइनच्या वेष्टनावर ५५० जी.एस.एम. लिहिले होते, म्हणजे एका चौरस मीटरला ५५० ग्रॅम. टॉवेल ७५ बाय १५० सेंटिमीटरचा, त्याचे क्षेत्रफळ १.१२५ चौरस मीटर. वजन ६१९ ग्रॅम भरायला हवे होते. घरच्या काट्यावर ते ४७० ग्रॅम भरले, म्हणजे प्रत्यक्षात ४१८. विक्रेत्याने टॉवेल परत घेतले नाहीत. तरीही वापरात ४०० ते ४५० चा टॉवेलच आमच्या घराला मानवला, हे मान्य केले पाहिजे. याहून जाड टॉवेल श्रावणासारख्या हवेत दिवसभर वाळत नाही आणि त्याला कुबट वास येतो. आमच्या बोअरचे पाणी जड आहे. जड पाण्यात साबणाची साय धाग्यांत अडकून टॉवेल पापडासारखा कडक होतो. पावडर निम्मी केली, पाण्यातून एकदा जास्त काढले आणि वाळत घालण्यापूर्वी झटकले, एवढ्याने फरक पडला. कापड मऊ करणारे द्रव मी बंद केले, कारण ते धाग्यावर थर धरते आणि टॉवेल पाणी टिपेनासा होतो.

सावरीच्या उशा मला सर्वांत आवडल्या. या कापसाचा तंतू पोकळ आणि मेणचट असतो, म्हणून उशी हलकी राहते आणि ओल लवकर धरत नाही. तो धुऊ नये, काठीने झोडपू नये. तंतू ठिसूळ असतो. उशीला आतून एक घट्ट अभ्रा शिवून घ्यावा, नाहीतर बारीक तंतू विणीतून बाहेर येतात. दुलईत अडीच किलो रुई आहे, जानेवारीच्या थंडीला ती पुरली. तीही धुता येत नाही, म्हणून वर काढता येईल अशी सुती खोळ शिवली आहे.

गाद्या दोन-तीन वर्षांनी पुन्हा पिंजून घ्याव्या लागतील आणि तेव्हा थोडी रुई घटेल. चाचांनी गादीपाटाच्या आतल्या बाजूला भरल्याचा महिना आणि ११ किलो हे वजन शाईने लिहून दिले आहे. पिंजायला देताना आणि परत घेताना आम्ही त्या आकड्याशी ताडून पाहू.